इकडे स्वस्त आहे म्हणून

आमच्या कारखान्यात दात तयार होतात. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, मी त्या मापात प्लास्टर ओतून जबडा उभा करते, आणि माझ्या शेजारच्या बाकावर धाकटी त्या जबड्यावर चिनी मातीची कॅप चढवते. ब्रशच्या टोकानं थर लावायचा, भट्टीत घालायचा, बाहेर काढून घासायचा, परत थर. शेवटी दात असा दिसला पाहिजे की तो बनवलेला आहे हे त्या माणसाच्या बायकोलाही कळू नये. आमचे बहुतेक दात परदेशात जातात. तिकडची माणसं त्यांनी जेवतात, हसतात, भांडतात. आम्हाला ती कधी दिसत नाहीत.

धाकटीला धाकटी म्हणायचं कारण तिची थोरली बहीणही याच बाकावर शिकली. थोरलीचा हात इतका चांगला की कंपनीनं तिला तिकडच्या मुख्य कारखान्यात नेलं. तेव्हा धाकटीलाही विचारलं होतं. पण आईचं एक अंग लुळं पडलेलं, दोघींपैकी एकीला थांबणं भाग होतं. थोरलीचं लग्न झालं नव्हतं, ती गेली. धाकटी नवरा, मुलगी आणि आई घेऊन राहिली. "मला कुठे जायचं होतं," असं ती वरवर म्हणायची. पण मी शेजारी बसते ना. थोरलीचं नाव निघालं की तिचा ब्रश पाण्यात जरा जास्तच जोरात बुडायचा.

कंपनी एक, काम एक, माती एक. पगार मात्र असा की थोरलीच्या एका महिन्यात धाकटीचे कितीतरी महिने निघावेत. धाकटीला वाटायचं, ताई तिकडे पैशात लोळत असणार. मग आईच्या औषधाला म्हणून पाठवते ते एवढंसंच का? तोंडावर तिनं कधी विचारलं नाही. मनात मात्र गाठ बसली होती.

अशात एक दिवस मुख्य कचेरीतून एक बाई आल्या. उंच, साध्या, पायात चालायचे बूट. दोन देशांतल्या राहणीमानाची तुलना करणं हे त्यांचं काम. काय कुठे महाग, काय कुठे स्वस्त, कोण कुठे जास्त सुखात. कंपनीला त्यावर एक पुस्तिका काढायची होती, दोन देशांत एकच काम करणाऱ्या दोन बहिणींची. आम्ही त्यांना तुलनावाल्या बाई म्हणायला लागलो. त्यांना आमची भाषा येत नव्हती, म्हणून आमच्या कारखान्याचे साहेब मध्ये दुभाष्या.

धाकटीनं घर घासूनपुसून लख्ख केलं. मला मदतीला बोलावलं होतं, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. एकीत आईचा पलंग, दुसरीत बाकी सगळं जग. पाचजण आत आलो तर साहेबांना दारातच उभं राहावं लागलं. बाईंनी खिडकी उघडली, वारा आला, त्या खूश झाल्या. फोटोसाठी दोरीवरचे कपडे काढायला लावले. पाण्याचे भरलेले डबे दिसत होते, ते कशाला म्हणून विचारलं.

"नळाला दुपारनंतर पाणी नसतं," धाकटी म्हणाली.

साहेबांनी काहीतरी सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि डबे पलंगाखाली सरकवले.

कामाला कशी जातेस? चालत. आईपाशी दिवसभर कोण असतं? खालच्या मजल्यावरची एक बाई येऊन बसते. तिला द्यायला परवडतं? परवडवून घेते. बाई भराभर लिहीत होत्या. शेवटी त्यांनी एक प्रश्न अगदी धाकटीकडे बघून विचारला, आणि साहेब म्हणाले, "विचारतायत, तू सुखी आहेस का?"

धाकटी म्हणाली, "चाललंय."

त्या एका शब्दाचं साहेबांनी केलेलं भाषांतर बरंच लांब होतं. बाई प्रसन्न हसल्या.

पुस्तिका आली तेव्हा कारखान्यात नुसती झुंबड. गुळगुळीत कागद, डाव्या पानावर थोरली, उजव्या पानावर धाकटी. थोरली एका मोठ्या स्वयंपाकघरात, पांढरी कपाटं, मागे झाडं. धाकटी खिडकीपाशी, केस वाऱ्यावर. आमच्या हिशेबनिसाला ती भाषा वाचता येते, त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तिकडे पगार मोठा, पण घरभाडं, प्रवास, केस कापणं, सगळंच महाग. इकडे पगार लहान, पण सगळंच स्वस्त. वर कामाला चालत जाता येतं, घरची माणसं जवळ, आजारी आईपाशी माणूस ठेवणंसुद्धा सहज जमतं. सगळं धरून बघितलं तर इकडची बहीण तिकडच्या बहिणीपेक्षा काकणभर सुखीच. आणि खाली, धाकटीच्या तोंडी: माझ्या आयुष्यात काही कमी नाही.

"हे मी कधी म्हटलं?" धाकटीनं विचारलं.

आम्ही हसलो. आईनं तर पुस्तिका उशाशी घेतली. दोन्ही लेकी एका पुस्तकात, तिला आणखी काय हवं होतं. तेव्हा कोणालाच काही खटकलं नाही. खटकलं ते पगारवाढीच्या वेळी.

पगारवाढीसाठी आम्ही दरवर्षी दातांच्या कण्या करतो, आणि दरवर्षी हा विनोद कोणीतरी करतंच. त्या वर्षी आम्ही सगळ्या मिळून आत गेलो. साहेब वाईट माणूस नाही. वरून जे येतं ते खाली देतो. त्यानं टेबलाच्या खणातून पुस्तिका काढली आणि आमच्याकडे फिरवून ठेवली.

"वरचे विचारतायत, यांचं तिकडच्यांपेक्षा बरं चाललंय, मग वाढ कशासाठी?"

धाकटी मागे उभी होती, ती पुढे आली. तिचा आवाज चढला नाही, पण हात टेबलावर होता आणि बोटं पांढरी पडली होती.

"साहेब, माझ्या आईचं औषध कुठून येतं?"

"कुठून म्हणजे?"

"तिकडून येतं. तिकडच्याच भावात येतं. त्या औषधाला माहीत नसतं मी कुठे राहते ते. माझा चष्मा, मुलीच्या अभ्यासाचा कॉम्प्युटर, यांना कोणाला माहीत नसतं. तुमच्या बाईंनी केस कापायचा दर विचारला. मी केस घरी कापते."

"अगं, हे सरासरीवर असतं."

"सरासरी तुम्ही ठेवा. मला औषध द्या."

साहेब म्हणाला, "इकडे स्वस्त आहे हे तर खरं ना? ती आईपाशी बसणारी बाई, तिकडे असं माणूस ठेवायचं म्हटलं तर कोणाची छाती होणार नाही."

आम्ही हात हलवत परत आलो. धाकटीनं त्या दिवशी एक दात दोनदा बिघडवला, जे तिच्या हातून कधी होत नाही. मला वाटलं साहेबाचा राग. घरी जाताना ती वेगळंच बोलली.

"ती खालची बाई गेल्या महिन्यात मला म्हणाली होती, थोडं वाढवून दे. मी काय म्हटलं माहिती आहे? म्हटलं, तुला काय गं, जिन्यानं वर यायचं नि बसायचं, ना प्रवास ना काही. साहेब माझ्याशी बोलला ते आणि मी तिच्याशी बोलले ते, काही फरक आहे का त्यात?"

ती चालता चालता म्हणाली, "आपण स्वस्त स्वस्त म्हणतो ना, ते माणूसच स्वस्त असतं कोणीतरी. माझ्यासाठी ती. कंपनीसाठी मी."

त्याच आठवड्यात तिनं त्या बाईचे पैसे वाढवले. नवरा वैतागला, कारण ते काढले त्याच्या नव्या बुटांसाठी ठेवलेल्या पैशांमधून. तो बस चालवतो, दिवसभर पाय पॅडलवर. चार दिवस बोलला नाही. पण धाकटी मागे हटली नाही.

थोरली आली ती न कळवता. दुपारी आम्ही डबे उघडून बसलो होतो, तर दारात ही उभी. खांद्याला एकच पिशवी, चेहरा ओढलेला, केसांत पांढरं. आम्ही गराडा घातला. ती बोलत होती, पण सारखा हात तोंडावर. आम्ही दातांच्या बायका, आमच्यापासून काय लपणार? समोरचा वरचा दात अर्ध्यातून तुटलेला होता, आणि कड काळवंडलेली. म्हणजे कालपरवाचं नव्हे.

"कधी तुटला?" धाकटीनं विचारलं.

"थंडीत."

तेव्हा उन्हाळा अर्धा सरला होता.

"ताई, तू दिवसभर दात बनवतेस."

"बनवते. बसवायला डॉक्टर लागतो. तिकडे तो मला परवडत नाही." थोरलीनं हे अगदी सरळ सांगितलं. "हिशेब केला तर विमानानं येऊन इथे करून परत जाणं स्वस्त पडलं. म्हणून साठवत होते."

मी धाकटीकडे बघत होते. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा रागानं लाल झाला.

घरी गेल्यावर दोघींचं जोरदार भांडण झालं. खालची बाई तेव्हा आईपाशी होती, आणि आईनंही मला नंतर सांगितलं, त्यामुळे मला दोन्हीकडून कळलं. धाकटी म्हणाली, आम्हाला कळवायची लाज वाटली का? आम्ही समजत होतो तू राजवाड्यात राहतेस. थोरली म्हणाली, राजवाडा? तिघीजणी एका घरात राहतो, कामाला जायला दोन गाड्या बदलते, त्या पुस्तिकेतलं स्वयंपाकघर कचेरीतलं आहे, माझं नाही. तिथे मी एकदा फोटोपुरती उभी राहिले. धाकटी म्हणाली, मग आईला पाठवायचीस ते? थोरली म्हणाली, ते पोटाला चिमटा घेऊन पाठवत होते. आणि तू इथे मजेत, वारा खात, आई जवळ, सगळं स्वस्त, मला सारखं तेच ऐकवतात.

"कोण ऐकवतं?"

"कंपनी. वाढ मागितली की पुस्तिका काढतात. म्हणतात, तुमची बहीण तेच काम खुशीत करते, एवढ्याशा पैशांत. फार कुरकुर केलीत तर सगळं काम तिकडेच पाठवू."

आई म्हणते, मग भांडण तिथेच थांबलं. धाकटी उठली आणि उशाशी ठेवलेली पुस्तिका काढून घेतली. आईनं विचारलं, काय झालं गं? धाकटी म्हणाली, "काही नाही आई. आम्हा दोघींना एकमेकींची भीती घालत होते."

दुसऱ्या दिवशी धाकटीनं जेवणाच्या सुट्टीत ताईचा दात करायला घेतला. मापापासून सगळं इथेच. साहेब आला, म्हणाला, कंपनीची माती आहे, खासगी कामाला परवानगी लागते. धाकटीनं मान वर केली नाही. "माझ्या पगारातून कापा," म्हणाली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं तो बसवला. थोरलीनं आरशात बघितलं आणि हात तोंडावरून खाली घेतला. तेवढं बघून मला बरं वाटलं. बाकी सगळा संतापच होता.

साहेबाला मात्र वेगळाच आनंद. दोन्ही बहिणी एकाच ठिकाणी, ही संधी सोडायची कशी? त्यानं वर कळवलं, आणि योगायोगानं तुलनावाल्या बाई शेजारच्याच देशात होत्या, त्या दोन दिवसांत हजर. दोघींचा एकत्र फोटो, नवी पुस्तिका. आम्हाला वाटलं धाकटी नाही म्हणणार. ती म्हणाली, "येऊ देत. या वेळी दुभाष्या माझी ताई आहे."

भेटीच्या खोलीत आम्ही चार-पाचजणी होतो. साहेब बोलायला लागला तर थोरलीनं हात वर केला आणि बाईंशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली. बाईंनी साहेबाला बसायला सांगितलं. मग धाकटी एक एक वाक्य बोलायची आणि थोरली तसंच्या तसं सांगायची. पाण्याचे डबे का होते. आईपाशी बसणाऱ्या बाईला आम्ही काय देत होतो आणि त्यात तिचं काय होत होतं. औषध. ताईचा दात. बाई आधी लिहीत होत्या, मग लिहायच्या थांबल्या.

त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी तुम्ही सुखी आहात का असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही नेमकं काय म्हणालात?"

थोरलीनं धाकटीला विचारलं. धाकटी म्हणाली, "चाललंय म्हटलं होतं."

थोरली बाईंकडे वळली, जरा विचार केला, आणि दोनतीन शब्दांत काहीतरी सांगितलं. नंतर मी विचारलं, तू काय सांगितलंस गं? म्हणाली, "सांगितलं की अजून थांबलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

बाई प्रामाणिक होत्या, हे म्हणावंच लागेल. त्या म्हणाल्या, मला जे मोजायला सांगितलं तेच मी मोजलं. भाडं, तिकीट, केस कापणं. धाकटीनं विचारलं, आणि काय मोजू नका हे कोणी सांगितलं? बाईंनी साहेबाकडे बघितलं नाही, वही मिटून पिशवीत टाकली. फोटो झाला नाही. नवी पुस्तिका निघाली नाही.

थोरली परत गेली. जायच्या आधी दोघींनी ठरवलं होतं ते थोरलीनं तिकडच्या कारखान्यात सांगितलं. तिकडच्यांना आम्ही म्हणजे त्यांचं काम पळवणाऱ्या बायका वाटायचो, आणि आम्हाला ते म्हणजे आमचा वाटा खाणारे. आता दोन्हीकडून एकच मागणी एकाच वेळी गेली. पगार सारखा द्या असं आम्ही म्हटलंच नाही. म्हटलं, जे सगळीकडे सारखंच महाग आहे ते कंपनीनं उचलावं. चष्मा, दातांचा इलाज, घरच्या आजाऱ्याचं औषध, आणि परदेशी असलेल्याला वर्षातून एकदा घरी जायचं तिकीट.

चष्मा मिळाला. डोळे गेले तर काम कोण करणार, हे त्यांनाही कळतं. दातांचा इलाजही मिळाला, कारण दातांच्या कंपनीतल्या कामगाराचा तुटका दात बरा दिसत नाही. औषध नाही. तिकीट नाही. आणि करार संपल्यावर थोरलीला सांगितलं, काम कमी झालंय. काम कमी झालं नव्हतं. तिच्या जागेचं काम आमच्याकडे यायला लागलं. माझ्या हातात येणाऱ्या मापांवरून मला दिसत होतं. धाकटीला त्या जबड्यांना हात लावायची इच्छा नव्हती, पण लावायलाच लागायचा.

थोरलीला तिथेच एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे छोटं काम मिळालं. तिला परत ये म्हणून सगळ्यांनी सांगितलं. ती म्हणाली, इतकी वर्षं झाली, आता माझ्या ओळखीचा रस्ता हा आहे. हे कुठल्या तुलनेत बसवायचं, कोणाला ठाऊक.

पुढच्या हिवाळ्यात आई गेली. शेवटचे काही दिवस तिला थोरलीचा चेहरा फोनवर दाखवायचो. आई फोनच्या काचेवरून हात फिरवायची. थोरली निघाली नाही, कारण म्हाताऱ्या डॉक्टरकडच्या पगारात तिकीट उभं राहेना, आणि धाकटीकडेही तेवढं नव्हतं. आम्ही बाकावरच्या बायकांनी मिळून काढायचं ठरवलं, तोवर उशीर झाला.

साहेब भेटायला आला होता. खुर्चीवर टेकला, मनापासून वाईट वाटलेला चेहरा. म्हणाला, "निदान तू तरी जवळ होतीस. ताईपेक्षा तुझं नशीब बरं म्हणायचं."

धाकटी उभी राहिली. मला वाटलं आता ही सगळं काढणार, इतक्या वर्षांचं. ती फक्त म्हणाली, "साहेब, आज तुलना नको. तुम्ही जा."

तो गेला. धाकटीच्या हातातला फोन तसाच चालू होता, पलीकडे थोरली.

"कोण आलं होतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," धाकटी म्हणाली. "तू बोल, मी आहे."